एका पानावर दोघी

जीप घरासमोर थांबली तेव्हा कुसुमावती तिसऱ्यांदा पातळ बदलत होत्या. शलाकानं दाराबाहेरूनच सांगितलं, "आई, बस झालं आता. जांभळंच राहू दे."

मोखाड्याहून पाहुणे आले होते. हरिभाऊ तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आणि त्यांचा मुलगा सौरभ नाशिकला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्या घरात आई नव्हती. या घरात शलाका चौथीत असतानाच वडील गेलेले. त्यामुळे दोन्हीकडची बोलणी उज्ज्वलामामीच करत होती.

"वाटेत त्रास नाही ना झाला?" मामीनं विचारलं.

"त्रास मला झाला," सौरभ म्हणाला. "शर्ट चुरगळू नये म्हणून बाबांनी पुढच्या दोन जागा अडवल्या. मी मागे, बाजाराच्या कोंबड्यांबरोबर."

"कोंबड्यांनी काही तक्रार केली नाही," हरिभाऊ म्हणाले.

सगळे हसले आणि पुन्हा गप्प झाले. पोह्यांच्या बशा फिरल्या. हरिभाऊ खिडकीकडे बघत होते, कुसुमावती पदराच्या काठाकडे. शलाकाला मागच्या वर्षीचं स्थळ आठवलं. तेही असंच गप्प बसून पोहे खाऊन उठलं होतं, आणि दारावरची पाटी बदलायची की नाही यावरून मोडलं होतं. हे तसं होऊ नये, एवढंच तिला वाटत होतं. माणसं तिला आवडली होती.

मामीनं बशा गोळा केल्या. "असं सगळ्यांसमोर कोण बोलणार? जरा मोकळं सोडा की. शलाका, सौरभला तुझा कॉम्प्युटर दाखव जा."

आतल्या खोलीत पंखा होता आणि टेबलावर जड, पोटवाला मॉनिटर. त्या वर्षांत जव्हारला इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून कुरकुरत यायचं आणि बाहेर कुणी रिसीव्हर उचलला की तुटायचं. तशातच शलाकानं एक छोटी वेबसाइट केली होती. दाभोशाचा धबधबा बघायला येणाऱ्यांनी तारीख निवडायची, नाव नोंदवायचं. गावातली घरं जेवण आणि मुक्काम देत.

"काल फोटो आपोआप सरकवणारी लायब्ररी घातली," ती म्हणाली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड. तिचं अर्धं पान अशा उसन्या कोडवरच उभं होतं. "तेव्हापासून तारखांचं कॅलेंडर उघडत नाही. क्रम उलटा केला तर कॅलेंडर उघडतं, पण फोटो अडतात."

सौरभनं कोड वरखाली केला. "ही फोटोवाली एकटी आलेली नाही. तिला चालायला एक मोठी लायब्ररी लागते."

"तीही आणली."

"आणि कॅलेंडरला दुसरीच मोठी लागते."

"ती आधीपासून आहे. सुखानं नांदत होती बिचारी."

"आता दोघी एका घरात. आणि दोघींना हाक मारायची खूण एकच, हे डॉलरचं चिन्ह. नंतर येते ती चिन्ह बळकावते, आधीची मुकी होते."

"मग एकीला घालवायची?"

"कशाला? दोघींच्या जिवावर कुणी ना कुणी आहे." त्यानं एक ओळ लिहिली. "नंतर आलेलीनं चिन्ह सोडायचं. तिला तिच्या पूर्ण नावानंच हाक मारायची. मग कुणाची अडचण नाही."

शलाका एकेका जागी पूर्ण नाव घालू लागली. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "नावाचंच विचारायचं होतं. इथेही ते बदलायचं नाही, असं आहे. एवढी वर्षं जव्हारात त्याच नावानं ओळखतात. पाटीही तीच राहील."

"मी कालच बाबांना विचारून ठेवलंय. त्यांची हरकत नाही."

"आणि राहायचं कुठे?"

"मोखाड्याचं घर मोठं आहे. पण हट्ट नाही. जव्हारलाही राहू म्हणतात." मग तो थोडा अडखळला. "आमचीही एक अट आहे."

शलाकाची बोटं थांबली.

"संध्याकाळी घरात रेडिओ लागतो. मोठ्यानं. तो बारीक करायला सांगायचं नाही."

"या घरात पहाटे स्तोत्रं म्हटली जातात. त्याहून मोठ्यानं."

"मग जमलं."

तिनं पान पुन्हा उघडलं. धबधब्याचा फोटो सरकला, मागोमाग भातखाचरांचा आला. तारखेच्या चौकटीवर टिचकी मारली तर कॅलेंडरही उघडलं. दोघी एका पानावर गुण्यागोविंदानं चालल्या होत्या.

"ही मोठी परक्या सर्व्हरवरून येते का?" सौरभनं विचारलं.

"हो."

"त्यांनी बदलली की तुमचं पान बसलं. एक प्रत आपल्या फोल्डरात आणून ठेवा. नावापुढे आवृत्तीचा आकडा घाला आणि उगाच बदलू नका. जे नीट चाललंय त्याला नव्याची हौस कशाला?"

"हे बाहेर बोलू नका," शलाका म्हणाली. "तिथे आज नव्याचीच हौस आहे."

बाहेरून मामीची हाक आली. "या रे दोघं. पेढे घ्या."

हरिभाऊंनी खुर्ची खिडकीपासून बरीच अलीकडे ओढली होती. कुसुमावती तोंडाला पदर लावून हसत होत्या. आईचं असं हसू शलाकानं कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

"ठरलं," मामी म्हणाली. "दिवाळीच्या आधी, नोंदणी पद्धतीनं. थाटमाट नको म्हणतात."

सौरभ कुसुमावतींच्या पाया पडला, शलाका हरिभाऊंच्या. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा वेळ तसाच राहिला. सौरभनं पेढा अख्खाच तोंडात टाकला आणि त्याला ठसका लागला.

"अहो शलाका, जरा पाणी देता?"

शलाकानं तांब्याभांडं त्याच्यापुढे धरलं. "अहो काय? बहिणीला कुणी अहो म्हणतं का, दादा?"