पुराची खूण

हवामान बिघडल्यामुळे देशाच्या सुरक्षेला कुठून धोका आहे, याचा गुप्तचर अहवाल दरवर्षी काढायचा, असा आयर्लंडमध्ये कायदा झाला आणि त्यातलं माहिती गोळा करायचं काम तिथल्याच सँडीफोर्ड भागातल्या एका कंपनीत क्षितिजाच्या टेबलावर येऊन पडलं. जगातल्या कुठल्या गावांतली माणसं घरदार सोडून इकडे येऊन राहतील, त्याची यादी करायची होती. चिपळूणचं नाव तिने हौसेने घातलं. आपल्या गावाचा पूर निदान कुणाच्या तरी फायलीत जाईल, एवढंच तिच्या मनात होतं.

"बाबा, घरातल्या भिंतीवरची पुराची खूण मोजून फोटो पाठवा ना," ती फोनवर म्हणाली. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुणेला टेप लावून आईकडून चार फोटो काढून घेतले. मॅनेजरने "ग्रँड" म्हणत त्यातला एक अहवालात घेतला.

फेब्रुवारीत तिचं बाळंतपण होतं. आई-बाबांनी व्हिसाचे अर्ज केले, आईने लाडवांसाठी डिंकही आणून ठेवला. जानेवारीत बाबांचा फोन आला.

"दोघांचाही नाकारला गो. आम्ही इकडे परत येऊ याची त्यांना खात्री वाटत नाही. कारणाखाली कसल्याशा गोपनीय अहवालाचं पान एक्केचाळीस लिहिलंय. त्यात काय आहे, तिथे कुणाला विचारून बघशील का?"


पान एक्केचाळीसवर बाबा टेप धरून हसत उभे होते.