बंदराचं शून्य

"दोन पॉइंट एक," बंदरावरचे काका फोनवर म्हणाले. "लिहून घेतलंत का, बाई?"

त्सुनामी इशारा केंद्रात तिच्या पडद्यावर पॉइंट तीन होतं. भूकंप होऊन पंचवीस मिनिटं झाली होती आणि लाट किनाऱ्याला लागायला अडतीस उरली होती.

गेल्या दोन वर्षांत तिने संगणकावर नऊशे लाटा करून ठेवल्या होत्या. भूकंप झाला की त्यातली मापाची लाट काढायची, दुकानदार खोक्यांतून मापाचा बूट काढतो तशी. आज सहाशे बारा नंबरची निघाली. तिच्या नकाशात अख्खा बाजार लाल होता आणि बाजारामागची शाळा स्वच्छ हिरवी. म्हणून चौदाशे माणसं आत्ता त्या शाळेत होती. त्यांना बाकांवर बसवणारी मुख्याध्यापिका तिची सख्खी ताई.

"काका, पट्टी नीट बघा. समुद्राची पातळी पॉइंट तीन असायला हवी."

"पट्टी मी एकतीस वर्षं बघतोय, बाई. तुमचं यंत्र बिघडल्यापासून तर बघायला दुसरं काही नाहीच."

"मग शून्य कुठून धरता?"

"शून्य?" काकांना प्रश्नाचीच गंमत वाटली. "सगळ्यात मोठ्या ओहोटीचं. समुद्र त्याच्याखाली जात नाही, म्हणून तर ते शून्य. बंदरात दुसरं कुठलं असतं?"

जमीन मोजणाऱ्या खात्याचं शून्य भरती-ओहोटीच्या मध्यावर असतं. लाटा तिने त्याच शून्यावरून काढल्या होत्या. दोन खात्यांच्या दोन शून्यांमध्ये एक पॉइंट आठ मीटरचं अंतर होतं आणि बराच पत्रव्यवहार. जमीनवाल्यांचा कागद वेळेत आला नाही, तेव्हा शाळेची उंची तिने बंदराच्या जुन्या नकाशातून उचलली होती. सहा पॉइंट दोन. लाट पाच पॉइंट एक. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी, भावंडांसारखे.

तिने वजाबाकी केली. शाळा चार पॉइंट चारवर आली. म्हणजे सत्तर सेंटिमीटर पाण्याखाली.

साहेब नुकतेच टीव्हीवाल्यांशी बोलून आले होते. कॉलरला माइक अजून लटकत होता.

"शून्य म्हणजे शून्य," ते तिचं ऐकून म्हणाले. "त्यात तुमचं-आमचं कसलं?"

"बंदराचं वेगळं आहे, साहेब. मी तपासलं नाही."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

साहेब नकाशाकडे बघत राहिले. त्यावर त्यांची सही होती. "सत्तर सेंटिमीटर म्हणजे गुडघ्याच्या जरा वर."

"तुमच्या गुडघ्याच्या. तिथे पहिलीची पोरं आहेत. आणि पाणी उभं नाही राहणार, धावत येणार."

"अहो, मी आत्ता चार चॅनेलांना सांगितलंय, शाळा सुरक्षित म्हणून. फिरवायचं तर नियंत्रण कक्षाला कारण द्यावं लागतं. काय लिहू?"

"माझी चूक."

साहेबांनी फॉर्म उघडला. कारणांची यादी वरून खालपर्यंत वाचली. "तसा पर्याय नाही," ते म्हणाले.

"मग 'इतर' टाका," म्हणत तिने ताईला फोन लावला.

"बोल, ठमे. तुझा नकाशा फ्रेम करून लावलाय ना, त्याच्याच खाली उभी आहे. येईल त्याला सांगतेय, माझ्या धाकटीने काढलाय."

"ताई, शाळेत पाणी येणार. सगळ्यांना मागच्या टेकडीवर ने, पाण्याच्या टाकीपाशी. आत्ता." टाकी कुठल्याही शून्यावरून मोजली तरी पुरेशी उंच होती.

"आत्ता कुठे बसलेत गं सगळे. आणि सांगू काय?"

"सांग, धाकटीचं गणित चुकलं."

"मी शिकवलंय तुला," ताई म्हणाली, "मला पटकन पटलं. लोकांचं काय करू?" आणि मग उत्तराची वाट न पाहता तिने शाळा सुटल्याची घंटा वाजवायला सांगितली. त्या घंटेला आजवर कुणी कारण विचारलेलं नव्हतं.

साहेबांनी 'इतर' टाकलं. नकाशातली शाळा लाल झाली. त्यांनी माइक काढून खिशात घातला आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

अकरा मिनिटं उरली असताना ताईचा मेसेज आला. शेवटच्या आजींना खुर्चीसकट वर नेलं होतं.

तेवढ्यात बंदरातून फोन आला.

"बाई, पाणी शून्यावर आलं."

कुठल्या शून्यावर, हे तिला विचारावं लागलं नाही.

"आणि थांबत नाहीये. खाली चाललंय." काकांचा आवाज प्रथमच बारीक झाला होता. "पट्टीला इथून खाली आकडेच नाहीत. काय लिहू?"

"काका, तुम्ही अजून धक्क्यावर?"

"मग आकडा कोण देणार तुम्हाला?"

"आकडा नको," ती ओरडली. "दीपगृहावर चढा. आधी चढा!"

फोन पट्टीपाशीच राहिला असावा. त्यातून काही वेळ नुसता वारा येत होता. मग शेजारच्या दीपगृहाच्या लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. जड, सावकाश, पण वर जाणारी.

ती मोजू लागली.