मैत्रिणीसाठी फेसवॉश

"माझ्यासाठी नकोय. मैत्रिणीसाठी हवाय," मुलगी म्हणाली. स्कार्फ नाकापर्यंत गुंडाळलेला आणि वर उघड्या कपाळावर लालभडक मुरमं.

मेडिकलवाली बाई हसली नाही. काउंटरमागे उभं राहून तिला पंधरा वर्षं झाली होती, असल्या बऱ्याच 'मैत्रिणी' तिने पाहिल्या होत्या. तिने मुरमांचा फेसवॉश पुढे ठेवला, पण ट्यूबवरचा हात काही उचलला नाही.

"आधी ऐकून घ्या. पहिले तीन दिवस फक्त कानामागे लावून धुवायचा."

"कानामागे कशाला? मुरमं तोंडावर आहेत... तिच्या."

"सोसतोय की नाही ते कळायला. फेसवॉश कानामागे लावायचा, माझं बोलणं कानामागे टाकायचं नाही. मग दिवसातून एकदाच, वाटाण्याएवढा. डोळे आणि ओठ सोडून. घासायचं नाही, ती काही भांडी नाहीत. आणि तो निळा टॉवेल नको, पांढरा घ्या. याने रंग उडतो."

मुलीने चमकून वर पाहिलं. बाईने जीभ चावली. "म्हणजे रंगीत कुठलाच नको."

मुलगी गेल्यावर खोकी लावणारे काका म्हणाले, "एवढ्याशा पोरीला अहो-जाहो?"

"गिऱ्हाईक आहे. रुसलं तर परत यायचं नाही." हे एक गिऱ्हाईक तिला काही केल्या गमवायचं नव्हतं.

मुलगी रोज शाळा सुटल्यावर येऊ लागली. काम दोन मिनिटांचं, पण रेंगाळायची अर्धा तास.

"मैत्रिणीची कातडी कोरडी पडलीय."

"दिवसाआड लावा म्हणावं."

"मैत्रिणीला वर्गात खडबडी म्हणतात."

बाईने स्टूल पुढे सरकवलं. "मलाही म्हणायचे. मी रागाने नखांनी फोडली. हे बघा खड्डे." मुलगी तिच्या गालाकडे बराच वेळ बघत राहिली.

पंधराव्या दिवशी ती धापा टाकतच आली. "याच्यापेक्षा कडक ट्यूब द्या. शनिवारी वर्गाचा फोटो आहे."

"चेहरा दाखवा."

"मैत्रिणीचा?"

"हो, मैत्रिणीचाच."

स्कार्फ खाली आला. दोन्ही गाल सोलवटले होते.

"याच्या जोडीला काय लावलंत?"

"वर्गातल्या एकीने क्रीम दिली होती."

"दोन्ही बंद. नुसत्या पाण्याने धुवा. तोंड सुजलं, श्वास लागला, तर अर्ध्या रात्रीसुद्धा मला उठवा, लगेच डॉक्टरकडे जायचं."

"मी गिऱ्हाईक आहे ना? मग द्या!"

"देणार नाही."

"तुम्ही माझ्या कोण लागता?"

काका हातातलं खोकं तसंच धरून उभे राहिले. बाई म्हणाली, "मेडिकलवाली."

मुलगी पाय आपटत निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, चेहरा जाता कामा नये, असं बाई मनाला बजावत होती. पण मन कुठलं ऐकतंय! शाळा सुटायच्या वेळेला तिचे डोळे रस्त्याला लागायचे. शनिवारही तसाच गेला.

सोमवारी मुलगी आली ती स्कार्फ न बांधताच. गालांची लाली उतरली होती.

"मैत्रीण विचारतेय, पुन्हा सुरू करू का?"

"आग थांबली असेल तर दिवसाआड. आणि एकच औषध."

"फोटोत तिने स्कार्फ घेतला नाही."

बाई उगाचच मागच्या फळीवरच्या बाटल्या सरळ करत बसली.

संध्याकाळी दुकान बंद करून ती घरी आली. हातपाय धुतले आणि खुंटीवरच्या पांढऱ्या टॉवेलला मुद्दाम हात न लावता पदराने तोंड पुसलं. नवरा जेवायची ताटं मांडत होता. आतल्या खोलीचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं.

"आजही पोरगी एक शब्द बोलली नाही ना तुझ्याशी?" त्याने हळूच विचारलं. "आपल्या लग्नाला वर्ष होईल आता. आईची जागा घेतलीस असं वाटतं तिला. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही बोलली," बाई म्हणाली, आणि लोटलेल्या दाराकडे बघत तिने आवाज जरा चढवला, "पण दुकानात माझं एक गिऱ्हाईक येतं ना, ते काय बोलतं म्हणून सांगू!"