वास गेला

माझे बाबा फायर ब्रिगेडमध्ये आहेत आणि त्यांचं नवं स्टेशन म्हणजे कमाल आहे, यार! आग विझवून आलं की काजळीचे कपडे बाहेरच्याच खोलीत काढायचे, तिथेच अंघोळ करायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. ती काजळी अंगावर राहिली की मोठमोठे आजार होतात म्हणे. बाबा खोकले की मी पाणी घेऊन धावायचे, त्यामुळे मी ही बातमी अख्ख्या वर्गाला सांगून आले.

आई मात्र बेचैन. पूर्वी बाबांच्या अंगाला धुराचा वास आला की तिला न विचारता सगळं कळायचं. आता वासच नाही! काल संध्याकाळी बाबा आले, तेव्हा ती दारातच उभी होती.

“आज काहीच नव्हतं गं, दिवसभर हीटरसमोर कॅरम खेळलो,” बाबा हसत म्हणाले. मी लगेच त्यांना टाळी दिली.

आईने त्यांच्या ओल्या केसांना हात लावला.



“जानेवारीच्या थंडीत तुम्ही दुसऱ्यांदा अंघोळ केलीत? अहो, खरं सांगा, किती मजले पेटले होते?”