रात्रपाळीचा आठवडा

मुलीला चष्मा नाही, असं सांगून वडिलांनी भाग्यश्रीचं लग्न जमवलं आणि पाठवणीच्या वेळी लेन्सची डबी गुपचूप हातात दिली. लेन्स घालून झोपलीस तर एक दिवस डोळा जाईल, असं दौंडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नवऱ्यादेखत डबी काढायची कशी? कुरकुंभच्या कंपनीत त्याला तीन आठवड्यांतून एकदा रात्रपाळी यायची, तेवढाच आठवडा ती लेन्स काढून झोपायची. तोवर डोळे लालभडक झालेले असायचे. या खेपेला तर उजव्या डोळ्याला उजेडही सोसेना.

रात्रपाळी सुरू व्हायच्या दिवशीच नवरा पेढे घेऊन आला.



"मी नाईटला निघालो की रडून डोळे लाल करून बसती व्हय? सायबाच्या पाया पडलो. आता आपली नाईट कायमची बंद."