चार वाजताची सिगारेट

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर ओसाकाला चला. स्टेशनाबाहेर दुधी काचेची एक खोली आहे. शहरात रस्त्यावर सिगारेट ओढायला बंदी. ओढायची तर या खोलीत. मुलांना आत मनाई. म्हणून नऊ वर्षांची चिहाया दप्तर पाठीला लावून बाहेरच उभी आहे. आत तिचे आजोबा आहेत.

आजी फुप्फुसाच्या आजाराने गेली. तेव्हापासून तात्सुमी आजोबा एकटेच राहतात आणि रोज चार वाजता इथे येतात. आजीमागून आता आजोबाही जातील, अशी धास्ती चिहायाने घेतली होती.

"सोडा ना आजोबा! कोटाला किती घाण वास येतो."

"चार वाजले की पाय इकडेच वळतात गं."

"एवढ्या थंडीत? घरी का नाही ओढत?"

"घरी एकट्याला काय मजा?" आजोबा हसून विषय बदलायचे.

शेवटी चिहायाने वॉर्ड कचेरीला पत्र लिहिलं. ही खोली आमच्या शाळेच्या वाटेवर आहे, बंद करा. वर्गातल्या एकतीस मुलांनी सह्या केल्या. कचेरीने ऐकलं. आज खोलीचा शेवटचा दिवस.

पाच वाजता माणसं बाहेर आली. एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि आपापल्या वाटेने पांगली. सर्वांत शेवटी आजोबा आले.

"झालं तुझ्या मनासारखं," ते म्हणाले. "थांब हं, तुला गरम कोको आणतो."

ते कोपऱ्यावर गेले. खोलीतल्या माणसांपैकी ओगाता नावाचा टॅक्सीवाला अजून रेंगाळत होता.

"तू चिहाया ना? तुझे गणिताचे मार्कसुद्धा पाठ आहेत आम्हाला!"

चिहाया लाजली. "काका, आजोबा रोज किती ओढायचे?"

"ओढायचे?" ओगाता गोंधळला. "अगं, दोन वर्षांत त्यांनी एकही पेटवली नाही. एकच सिगारेट बोटांत धरून उभे राहायचे. म्हणायचे, रिकाम्या हाताच्या म्हाताऱ्याशी कोण बोलतं?"

तो टॅक्सीकडे वळला. चिहाया क्षणभर त्या बंद दाराकडे बघत राहिली. मग धावत जाऊन तिने ओगाताची बाही घट्ट पकडली.

"काका, उद्या चार वाजता आजोबांकडे चहाला याल? बाकीच्या काकांनाही आणा. फक्त तिथे कुणी ओढायचं नाही हं!"