सुईवरचे टाके

"सर, इथलं काही तुम्ही कधी घरी ढापून नेलंय का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने विचारून टाकलं. दप्तरखान्याच्या सरांना मुली पाठीमागे टाचणीसर म्हणत. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"रोज नेतो. धूळ. बायको दारातच झटकायला लावते."

ती इतक्या मोठ्यांदा हसली की वरच्या फळीवरची आणखी थोडी धूळ खाली आली.

शाळेच्या सुट्टीत ती त्यांच्या हाताखाली शिकत होती. आजचं खोकं एका आजींनी आणून दिलेलं, युद्धाच्या वर्षांतलं. रेशनची कुपनं, खिडक्यांना लावायचा काळा कागद, गणवेशातल्या एका कोवळ्या मुलाचा फोटो. सरांचा नियम एकच: आधी धातू काढायचा. टाचणी, पिन, चाप, काही म्हणता काही ठेवायचं नाही. गंज कागद खातो.

तळाशी मफलर निघाला. लांबच लांब.

"जिराफासाठी विणला की काय!" म्हणत तिने तो टेबलभर उलगडला. टोकाला गंजलेली सुई होती. धातू! तिने ती दिमाखात ओढून काढली.

ओळीतले सगळे टाके एकदम आ वासून बसले.

"अगं, हे काय केलंस!" सर ओरडले. ते ओरडूही शकतात, हे तिला आजच कळलं. आणि देणगीच्या कागदावर सही करायला आलेल्या आजी नेमक्या तेव्हाच दारात उभ्या.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "आजी, सॉरी! मला येतं विणकाम. मी टाके बंद करून देते, आत्ता, एका मिनिटात…"

"बंद नको करूस!" काठी तिथेच टाकून आजी पुढे आल्या. "पेन्सिल दे."

पेन्सिलींना तोटा नव्हता. त्या खोलीत पेनला बंदीच होती. आजींनी एकेक टाका पेन्सिलीवर उचलून घेतला. एकही टाका निसटला नाही. मग खुर्चीत टेकून त्या पार दुसऱ्या टोकापासून मफलर चाचपू लागल्या.

"ही खाकी लोकर, सरकारने वाटलेली. ती संपली. मग हा करडा, बाबांचा स्वेटर. आई उसवायची आणि माझ्या दोन हातांवर लोकर गुंडाळायची. नाक खाजलं तरी हलायची सोय नाही! आणि हा लाल माझा. तो हिवाळा मी कुडकुडत शाळेत गेले, पण तोरा असा, जणू लढाई मीच जिंकणार."

"मग पुरा का नाही केला त्यांनी?"

"दादा लढाईवरून परत आला की टाके बंद करीन, आई म्हणायची." आजींनी शेवटच्या ओळीवरून अंगठा फिरवला. "घरातले स्वेटरच संपले. मला मात्र एक ओळ विणू दिली नाही. म्हणे, तुझे टाके सैल पडतात."

"मग आता विणा की!"

"लोकर कुठली आणू? दुकानातली नको गं. अंगावरची लागते याला."

"संग्रहात भर घालता येत नाही," सर म्हणाले. मग त्यांनी देणगीचा कागद उचलला, उगाच निरखून पाहिला आणि खणात सरकवला. "अर्थात, सही अजून व्हायची आहे. तोवर वस्तू आजींची. मला काही घाई नाही."

संध्याकाळी मुलगी आपला आकाशी स्वेटर घेऊन आईबाबांसमोर उभी राहिली.

"मी ठरवलंय. हा मी उसवणार. लोकर उद्या एका आजींना द्यायची आहे."

"अगं, हा तर तू अंगावरून काढत नाहीस!" आईने कपाळाला हात लावला. "थंडीत घालशील काय? वर्तमानपत्र?"

बाबांनी हातातलं वर्तमानपत्र घाईघाईने बाजूला ठेवलं. "अख्खा स्वेटर? असं किती विणायचंय त्या आजींना?"

"ते आत्ताच कसं सांगता येईल, बाबा?" ती म्हणाली आणि बाहीचा टाका ओढला.